शॉर्ट्स आणि रील्सचे सर्च निकाल गोळा करून एआय एजंटला देणारं टूल कोणतं घ्यावं?

तुम्ही विचारलंय की बेळगाव-निपाणी भागातल्या छोट्या दुकानदारांसाठी शॉर्ट व्हिडिओंमधून लोकांचा कल शोधायचा आहे, तर तयार टूल विकत घ्यावं की स्वतः बांधावं. टूल कुठलंही घ्या, पण काय शोधायचं हे एजंटला, म्हणजे आपल्या वतीने शोध घेऊन अहवाल लिहिणाऱ्या एआय प्रोग्रामला, ठरवू देऊ नका. या एकाच मुद्द्यावर माझा आणि आमच्या दाजींचा वाद अजून मिटलेला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचं बेळगावातल्या शहापूरला साड्यांचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. गिऱ्हाईक येतं ते खानापूरचं, येळ्ळूरचं, निपाणीकडचं, आणि तितकंच हद्दीपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगड-गडहिंग्लजचं. चंदगडच्या माणसाला लग्नाचा बस्ता बांधायचा असला की तो कोल्हापूरला जात नाही, बेळगाव त्याला कितीतरी जवळ पडतं. बैलहोंगल, सौंदत्तीची मंडळीही येतात आणि त्यांच्याशी आम्ही कन्नडमध्येच बोलतो. राज्याची हद्द १९५६ साली आखली गेली. बस्त्याची वाट तिने बदललेली नाही.

दाजी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहेत. लगीनसराईच्या आधी त्यांनी एका तयार टूलचं वर्गणीवालं खातं घेतलं, त्याला एजंट जोडला आणि विचारलं, "बेळगाव भागात साड्यांमध्ये सध्या काय चाललंय?" अहवाल आला तो सगळा म्हैसूर सिल्कचा. वरून सल्ला, की माल भरा. वडिलांनी दोन पानं वाचली आणि म्हणाले, "ह्यातलं एक तरी गिऱ्हाईक आपल्या पायरीवर चढलंय काय?"

मी लॉग, म्हणजे एजंटने काय काय केलं याची नोंद, उघडून बघितला. एजंटने आमचा प्रश्न स्वतःच फोडला होता. बेळगाव म्हणजे कर्नाटक, कर्नाटक म्हणजे कन्नड, कर्नाटकची साडी म्हणजे म्हैसूर सिल्क, असा सरळ उतार. सगळ्या क्वेरी, म्हणजे शोधायला टाकलेले शब्द, इंग्रजी नाहीतर कन्नड. मराठीत एकही नाही. चंदगड नाही, गडहिंग्लज नाही, खानापूरसुद्धा नाही. इरकल हा शब्दच कुठं नव्हता! दाजी म्हणाले, "टूल बरोबरच आहे, बेळगाव कर्नाटकातच आहे ना?" नकाशावर आहेच. पण मला नकाशा विकायचा नव्हता.

मग मी क्वेरींची यादी हाताने लिहिली. गावांची नावं आमच्या उधारीच्या वहीतून घेतली. साडीची नावं बायका दुकानात जशी घेतात तशी लिहिली, आणि तीच रोमन अक्षरांतही, कारण व्हिडिओ टाकणाऱ्या पोरी बहुतेकदा रोमनमध्येच लिहितात. टूल तेच, एजंट तोच. या वेळी हळदीचे, डोहाळजेवणाचे, देवाच्या यात्रेचे व्हिडिओ आले. लाल पदराच्या इरकली, खणाच्या साड्या, त्यांच्या जोडीला शिवून घेतलेली झबली आणि टोप्या. वडील एकेक बघत राहिले आणि त्याच आठवड्यात त्यांनी खणाची ऑर्डर वाढवली.

आता तुमच्या प्रश्नाकडे. स्वतः बांधणार असाल तर यूट्यूबच्या अधिकृत एपीआयपासून, म्हणजे आपल्या प्रोग्रामला यूट्यूबकडून थेट माहिती मागता येते त्या सोयीपासून, सुरुवात करा. त्यात रोजचा मूळ कोटा १०,००० युनिटचा आणि एका सर्चला १०० युनिट जातात, म्हणजे दिवसाला १०० शोध. एका दुकानाला पुरे. पण एजंटला मोकळं सोडलं तर तो हा कोटा सकाळीच संपवेल. प्रदेशाचा कोड फक्त देशाचा चालतो, राज्य किंवा जिल्हा त्यात नाही. भाषा मराठी दिली तरी इतर भाषांचे निकाल येतातच, ती नुसती शिफारस असते. लांबी 'शॉर्ट' निवडली की चार मिनिटांच्या आतलं सगळं येतं, नुसते शॉर्ट्स नव्हे, ते तुम्हालाच गाळावे लागतील. प्रत्येक निकालासोबत क्वेरी, वेळ आणि कितव्या क्रमांकावर आला हे साठवा. हे नसेल तर एजंट असा का बोलला ते कधीच कळणार नाही. आम्हाला कळलं ते लॉगमुळेच.

तयार टूल घेणार असाल तर त्याची किंमत कशावर आकारली जाते ते आधी बघा. बरीच टूल टिकटॉक डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली असतात. टिकटॉक आपल्याकडे जून २०२० पासून बंद आहे. खानापूरची मुलगी तिथं व्हिडिओ टाकतच नाही, मग त्या निकालांचे पैसे का मोजायचे?

इन्स्टाग्रामचं अधिकृत दार फार अरुंद आहे. व्यावसायिक खातं लागतं, सात दिवसांत ३० वेगळे हॅशटॅगच शोधता येतात, आणि ताज्या पोस्ट मागितल्या तर फक्त गेल्या २४ तासांतल्या मिळतात. म्हणून तीस हॅशटॅग दुकानदारालाच निवडायला लावा. एजंट ते 'ट्रेंडिंग' आणि 'व्हायरल'वर उडवेल.

व्ह्यूजच्या आकड्यावर माल भरू नका. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूबवर शॉर्ट सुरू झाला की व्ह्यू मोजला जातो, किती वेळ पाहिला याची अट नाही. त्याआधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून एजंट "मागणी वाढली" असं बिनदिक्कत सांगतो. त्यापेक्षा खालच्या कमेंट वाचा. "ताई, कुठं घेतलीस?" असं विचारणाऱ्या चार कमेंट मला लाखभर व्ह्यूजपेक्षा जास्त सांगतात.

दाजींचं म्हणणं आजही हेच, की एजंटमागचं एआय मॉडेल मोठं घेतलं की प्रश्न मिटेल. मला ते पटत नाही. मॉडेल छोटं होतं म्हणून चंदगड सुटलं नाही, चंदगड कुणी शोधलंच नाही म्हणून सुटलं. तुम्हीही कुणा दुकानदारासाठी हे करणार असाल तर आधी त्याच्या गल्ल्याशेजारी बसा आणि गिऱ्हाईक कुठून येतं ते लिहून घ्या. नंतर कोड.

दोन गोष्टी राहिल्या. यूट्यूबच्या नियमांप्रमाणे एपीआयने घेतलेली माहिती ३० दिवसांत ताजी करावी किंवा काढून टाकावी लागते, त्यामुळे वर्षभराचा साठा करायचा बेत असेल तर तो सोडा. आणि व्हिडिओच्या मथळ्यात, वर्णनात कुणी एजंटसाठी हुकूम लिहून ठेवलेला असू शकतो, तेव्हा निकाल वाचणाऱ्या एजंटच्या हातात ऑर्डर देण्याचा किंवा पैसे भरण्याचा अधिकार ठेवू नका.