हात म्हणजे हँड का आर्म? लेकरांच्या इंग्रजीबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न: मुलगी साडेचार वर्षांची आहे. चार्टवर बोट ठेवलं की नोज, इअर, चिन सगळं फाडफाड सांगते, पण स्वतःची चिन दाखव म्हटलं तर गालाला हात लावते. (एक आई, लातूर)

ताई, तिला चार्ट पाठ झालाय. कोणत्या ओळीत कोणतं चित्र आहे हे तिला माहितीये, शब्द अंगाला अजून चिकटलेला नाही. चार्ट महिनाभर कपाटावर टाका. आपण लहानपणी 'शिवाजी म्हणतो' खेळायचो ना, तेच इंग्रजीतून घ्या. 'शिवाजी म्हणतो, टच युवर चिन' म्हटलं तर हात लावायचा, नुसतं 'टच युवर चीक' म्हटल्यावर लावला की आउट. चिन आणि चीक मुद्दाम लागोपाठ घ्या, गोंधळ तिथंच होतो. आणि पहिले काही दिवस तिच्याकडून वदवून घ्यायची घाई नको, फक्त ऐकून हात लावू द्या. जेम्स अ‍ॅशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात हीच पद्धत मांडली, आधी ऐकून कृती, बोलणं मागून आपोआप. आंघोळीची वेळ तर एकदम बेस्ट, साबण तिच्या हातात द्या आणि म्हणा, 'वॉश युवर एल्बो, नाऊ वॉश युवर नीज.'

प्रश्न: दुसरीच्या वर्गाला हात म्हणजे हँड शिकवलं. आता आर्म आला तर पोरं म्हणतात, सर हा पण हातच की! पायाचंही तेच. (शिक्षक, गेवराई तालुका)

सर, पोरं बरोबर बोलतायत. आपल्याकडं खांद्यापासून नखापर्यंत सगळा हातच, इंग्रजीत मात्र मनगटाशी त्याचे दोन भाग होतात. हे फळ्यावर सांगून नाही समजत, मी बघितलंय. आपल्या कितीतरी लेकरांच्या पायात घोट्यापाशी काळा दोरा असतोच, त्याचाच उपयोग करा, दोऱ्याच्या खाली फूट, वर लेग. मनगटाला एक लाल दोरा बांधा, बोटांकडं हँड, खांद्याकडं आर्म. मग पटापट ऑर्डर द्यायच्या, शेक युवर हँड, शेक युवर लेग, आणि कोण दोऱ्याच्या चुकीच्या बाजूला गेलं ते पोरांनीच पकडायचं.

दुसरा खेळ माझा फार आवडता. एक पोरगं फरशीवर आडवं झोपवायचं, बाकीच्यांनी खडूनं भोवतीनं रेघ ओढायची. त्याला गुदगुल्या होतात, ते हलतं, रेघ वाकडी होते, एका पायाला सहा बोटं निघतात, मग सगळ्यांनी मोजायचं, 'हाऊ मेनी टोज?' तिथंच कळतं की हाताची बोटं फिंगर्स, पायाची टोज, आणि अंगठा हाताचा असला तर थंब, पायाचा बिग टो. मग मूठभर चिंचोके घ्यायचे, 'पुट थ्री ऑन द नी, टू ऑन द शोल्डर.' आकडेही होतात सोबत. आणि केस आपल्याकडं अनेकवचन, म्हणून पोरं 'माय हेअर्स आर ब्लॅक' म्हणतात. रागवू नका, तुम्ही 'युवर हेअर इज ब्लॅक' असं म्हणत राहा.

प्रश्न: नातू 'क्नी' आणि 'थंब्ब' म्हणतो. (आजोबा, परभणी)

आजोबा, स्पेलिंग लवकर आलंय त्याच्यासमोर. नी मधला के जुन्या इंग्रजीत म्हणायचेच, पुढं उच्चारातून गळाला आणि लिहिण्यात राहिला. थंब मधला बी तर लिहिण्यातच नंतर आलाय. शब्द तोंडात बसेपर्यंत वही बाजूला ठेवा. थंब, टीथ, माऊथ यांच्यासाठी आरसा द्या हातात. जिभेचं टोक दातांच्या मधून जरासं बाहेर दिसलं पाहिजे आणि हवा जात राहिली पाहिजे, आपल्या थ ला ती अडते.

प्रश्न: खेळता खेळता मुलगा झाकलेल्या भागांची नावं विचारतो. टाळू का? (एक आई, जालना)

टाळू नका आणि हसूही नका. लाडाची नावं न ठेवता नाकाडोळ्यांच्या नावांसारखीच साध्या आवाजात खरी नावं सांगा. चड्डीखालचा भाग म्हणजे प्रायव्हेट पार्ट्स, साफ करताना आईबाबा आणि आई जवळ असताना डॉक्टर, यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, लावला तर मोठ्यानं 'नो', तिथून पळायचं आणि आईला सांगायचं. कुणी 'हे गुपित ठेव' म्हटलं तरी सांगायचंच. लेकरांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन तुम्हालाही पाठ असू द्या.

प्रश्न: आमची निम्मी लेकरं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, परत येतात तेव्हा सगळं विसरलेली. (शिक्षिका, बीड जिल्हा)

मॅडम, हा प्रश्न वाचून जीव तुटतो. जायच्या आधी पोळा येतो, तो अजिबात सोडू नका. लेकरं मातीचे बैल करतातच, त्यावर हॉर्न, टेल, वशिंड म्हणजे हंप, खूर म्हणजे हूफ असं घ्या. बैलाचं अंग त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहितीये, शब्द लगेच बसतात. त्याच मातीचा माणूस करा, मग हेड, नेक, आर्म. सोबत वही देऊन उपयोग नाही, थोरल्या बहिणीला 'शिवाजी म्हणतो' नीट शिकवून पाठवा, कोपीपुढं, म्हणजे तिथल्या झोपडीपुढं, धाकट्यांना ती खेळवेल. आणि परत आल्यावर पहिल्या दिवशी परीक्षा नको, खडू घ्या आणि आधी त्यांच्यातल्याच एकाला फरशीवर झोपवा.