रोझेशियाचं क्रीम: किती, कुठे आणि किती दिवस?

प्रश्न : गालांवर आणि नाकावर लाली व बारीक पुळ्या आहेत. रोझेशिया (चेहऱ्यावर लाली आणि पुळ्या आणणारा त्वचेचा आजार) आहे, त्वचेत माइट म्हणजे सूक्ष्म किडेही वाढलेत, असं सांगून डॉक्टरांनी १ टक्का आयव्हरमेक्टिनचं क्रीम दिलं. तेव्हापासून उशीचे अभ्रे रोज उकळतेय. दहा दिवस झाले, पुळ्या तशाच, जळजळ मात्र वाढली. बंद करू का?

आधी अभ्रे उकळणं बंद करा. डेमोडेक्स नावाचे हे माइट बहुतेक प्रौढांच्या चेहऱ्यावर असतातच. जेमतेम पाव ते अर्धा मिलिमीटर लांबीचा हा जीव केसाच्या मुळाशी डोकं खाली करून बसलेला असतो. गडबड होते ती त्यांची संख्या वाढली की. एका चौरस सेंटीमीटरमध्ये पाचांहून जास्त सापडले तर ती वाढ धरतात. त्यामुळे चेहरा पूर्ण माइटमुक्त करायचा नसतो, गर्दी कमी करायची असते.

आयव्हरमेक्टिनमुळे माइटच्या नसा आणि स्नायू लुळे पडतात आणि तो मरतो. शिवाय हे औषध त्वचेचा दाहही शमवतं. मेलेल्या माइटचे अवशेष त्वचेला चिडवतात असं मानतात, म्हणून सुरुवातीला थोडी जळजळ वाढली तरी घाबरू नका. चेहरा सुजला, फोड आले किंवा आग सहन होईना, तर मात्र थांबवून डॉक्टरांना दाखवा.

दहा दिवसांत निकाल लावू नका. फरक साधारण चौथ्या आठवड्यापासून जाणवतो, पूर्ण परिणामाला १२ ते १६ आठवडे लागतात. तीन महिन्यांत काहीच हललं नाही, तर औषध बदलण्याचा विचार करावा लागतो.

बहुतेकांचं चुकतं ते लावण्यात. रात्री सौम्य क्लीन्झर आणि कोमट पाण्याने चेहरा धुवा, टॉवेलने टिपा (घासू नका) आणि पूर्ण कोरडा होऊ द्या, कारण ओलसर त्वचेवर क्रीम जास्त झोंबतं. कपाळ, हनुवटी, नाक आणि दोन्ही गाल अशा पाच जागी प्रत्येकी मटारच्या दाण्याएवढं क्रीम ठेवून पातळ पसरवा. डोळे, ओठ आणि नाकपुड्यांच्या आत नको. नुसत्या पुळीवर ठिपका देऊन भागत नाही, माइट पुळी नसलेल्या छिद्रांतही असतात. रोज साधारण १ ग्रॅम लागतं, म्हणजे ३० ग्रॅमची ट्यूब महिनाभरात संपायला हवी. तीन महिने पुरली तर तुम्ही कमी लावताय! क्रीम वाळल्यावर बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. सकाळी किमान एसपीएफ ३० चं, शक्यतो झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन हवंच. रेटिनॉल, ग्लायकोलिक अ‍ॅसिड, स्क्रब सध्या कपाटात राहू द्या. जळजळीचा आरोप क्रीमवर येतो, पण गुन्हेगार बऱ्याचदा हेच असतात.

प्रश्न : चार महिन्यांत पुळ्या गेल्या, लाली मात्र तशीच. डोस वाढवू का?

नको. उरलेली लाली बहुधा रुंदावलेल्या रक्तवाहिन्यांची असते, त्यांच्यावर या क्रीमचा फारसा जोर चालत नाही. ०.३३ टक्के ब्रिमोनिडीनचं जेल त्या आकुंचित करून काही तास लाली उतरवतं, पण असर ओसरल्यावर काहींना ती आधीपेक्षा जास्त उसळते. म्हणून एखाद्या समारंभाच्या दिवशी पहिल्यांदा वापरून पाहू नका. डोळ्यांना दिसणाऱ्या बारीक लाल रेषांना लेझरच लागतो.

प्रश्न : घरातलं स्टेरॉइडचं मलम लावलं की दोन दिवसांत चेहरा शांत होतो. तेच का नको?

कारण तिसऱ्या आठवड्यात तोच चेहरा तुम्हाला ते सोडू देणार नाही. स्टेरॉइड दाह दाबतं, पण त्वचा पातळ करतं, आणि त्याच्या आडोशाने माइट वाढू शकतात. थांबवलं की लाली दुपटीने येते, म्हणून पुन्हा लावलं जातं. बरेच दिवस लावत असाल, तर ते कसं बंद करायचं हे त्वचारोगतज्ज्ञांकडूनच ठरवून घ्या. आणि जनावरांसाठीचं आयव्हरमेक्टिन चेहऱ्याला कधीच लावू नका. त्याची मात्रा आणि त्यातले इतर घटक माणसाच्या त्वचेसाठी नसतात.