विंडोज १० वरून ११ केलं तर आधीची सॉफ्टवेअरं राहतात का?

तुम्ही विचारलंय, टॉवेलच्या कारखान्यातल्या ऑफिसचा संगणक विंडोज ११ वर नेला तर हिशेबाचं जुनं प्रोग्राम आणि जकार्ड डिझाइनचं सॉफ्टवेअर जाईल का. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या अशाच ऑफिसांचे संगणक मी बघतो, म्हणून सांगतो: आधी तुमची सध्याची विंडोज ३२ बिट आहे की ६४ बिट, ते बघा. सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट इथं 'सिस्टम टाइप'समोर लिहिलेलं असतं.

६४ बिट असेल तर फार काळजी नको. अपग्रेड करताना 'फाइल्स आणि अ‍ॅप्स ठेवा' हा पर्याय निवडला की बहुतेक सगळं जागच्या जागी राहतं.

३२ बिट असेल तर मात्र थांबा. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही, त्यामुळे कोरी विंडोज टाकावी लागते आणि प्रत्येक सॉफ्टवेअर नव्यानं घालावं लागतं. त्यातही डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या सिस्टमच्या) काळातलं, फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमधलं सूत-खात्याचं प्रोग्राम असेल (आपल्याकडं अजून बऱ्याच पेढ्यांवर आहे), तर ते ६४ बिट विंडोजवर सरळ उघडतच नाही. डॉसबॉक्ससारख्या प्रोग्राममधून चालवता येतं, पण डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर बिल निघतंय का, हे दुसऱ्या संगणकावर आधी करून बघा. ज्यानं ते प्रोग्राम लिहिलं तो माणूस आता सापडेलच असं नाही, म्हणून हे मी पुन्हापुन्हा सांगतो.

डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं खरं दुखणं डोंगल, म्हणजे संगणकाला लावायची लायसनची किल्ली. सॉफ्टवेअर ३२ बिटचं असलं तरी ६४ बिटवर चालतं, पण डोंगलचा ३२ बिट ड्रायव्हर (तो विंडोजला ओळखू देणारं छोटं सॉफ्टवेअर) चालत नाही. तो ६४ बिटचाच लागतो. विक्रेत्याला फोन करून तो मिळतो का ते विचारा. नसेल मिळत, तर तो एक संगणक इंटरनेट काढून आहे तसाच ठेवा. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तो संगणक नेटवर ठेवू नका.

कोरी विंडोज टाकणार असाल तर टॅलीचं लायसन आधी सरेंडर करा, म्हणजे त्या संगणकावरून सोडवून घ्या. डेटाचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊन दुसरीकडं उघडून बघा. साधं अपग्रेड केलं आणि जमलं नाही, तर १० दिवसांत मागं जाता येतं, तोवर जुनी विंडोज ठेवलेला 'विंडोज.ओल्ड' फोल्डर पुसू नका. आणि हे काम जीएसटीचं ३बी रिटर्न भरून झाल्यावर, २० तारखेनंतरच काढा.