फारसे कुणी न पाहिलेले जुने चित्रपट आणि मालिका बघायची इच्छा आहे, पण दहा मिनिटांत कंटाळा येतो. सुरुवात कशी करावी?

सव्वा तासाच्या आसपासच्या, कमी पैशांत काढलेल्या चित्रपटांपासून सुरुवात करा. नावाजलेले तीन तासांचे चित्रपट नंतर. असे चित्रपट मी बरीच वर्षं बघतोय. यांत पैशांची चणचण पडद्यावर दिसते आणि खरी गंमत त्यातच असते. दिग्दर्शक एडगर उल्मर यांचा ‘डीटूर’ (1945) घ्या. सेट उभारायला पैसे नव्हते, म्हणून रस्त्यावरच्या दृश्यात दाट धुकं सोडलंय. काही दृश्यांची निगेटिव्ह आरशातल्यासारखी उलटी (डावं-उजवं बदलून) छापल्यामुळे अमेरिकेतल्या गाड्या चक्क डाव्या बाजूने धावतात! हे एकदा दिसलं की तुम्ही पुढचा जुगाड शोधायला लागता. त्यानंतर हर्क हार्वे यांचा ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ (1962) बघा. हार्वे एरवी शैक्षणिक आणि औद्योगिक लघुपट काढायचे, पूर्ण लांबीचा त्यांचा हा एकच चित्रपट. अमेरिकेत दोन्ही कॉपीराइटमुक्त आहेत, त्यामुळे फुकट सापडतात, पण फुटक्या आवाजाच्या प्रतीही तितक्याच फिरतात. रिस्टोअर केलेलीच प्रत शोधा, नाहीतर कंटाळ्याचं खापर उगाच चित्रपटावर फुटेल.

बघण्याआधी एवढं करा:
- टीव्हीवरचं मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमरीत्या गुळगुळीत करणारी सेटिंग) बंद करा.
- चौकोनी चित्र ताणून पडदाभर करू नका.
- मालिकेचा दिवसाला एकच भाग बघा. जुन्या मालिका आठवड्याला एक भाग या हिशेबाने लिहिलेल्या असत. सलग बघितल्या की तोच तो साचा खटकतो.

मात्र दुर्लक्षित म्हणजे चांगलंच, असं नाही. बरेचसे रद्दीच असतात; वीस मिनिटांत काहीच हाती लागलं नाही तर खुशाल बंद करा.