पोटात गोळा आला तरी माइक सुरू कर

बेटा,

रात्री तुझा मेसेज वाचला, ओईटीचा, म्हणजे नर्स-डॉक्टरांच्या इंग्रजी परीक्षेचा, ऑनलाइन रोलप्ले म्हटलं की पोटात गोळा येतो, बॅच सोडते म्हणून. सोडू नको गं, आधी माझं ऐक.

मंगळवारचं तुझं रेकॉर्डिंग मी दोनदा ऐकलं. पेशंट झालेली मुलगी 'आय फील डिझी' म्हणाली, तू थांबलीस, तुझा श्वास माइकमध्ये ऐकू आला, आणि मग तू विचारलंस की खोली गरगर फिरतेय की उठल्यावर डोळ्यापुढे अंधारी येते. 'लाइटहेडेड' शब्द काही आठवला नाही तुला, पण प्रश्न पक्का नर्सचा होता! धुळ्याला पोस्टिंगमध्ये आजी "माले चक्कर यी ऱ्हायनी" म्हणते तेव्हा तू हेच विचारतेस ना. तो गोळा होता म्हणूनच तुझे कान टवकारलेले होते. कॅमेरा बंद, एकीकडे भाकरी थापणं चालू, अटेंडन्स मात्र फुल, अशा लेक्चरमधलं तुला काय आठवतंय सांग बरं.

हान्स सेल्ये नावाच्या शास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात असल्या कामी येणाऱ्या ताणाला युस्ट्रेस म्हटलं, म्हणजे चांगला ताण. आणि त्याच्याही आधी 1908 मध्ये यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांना उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं होतं की सोपं काम जास्त ताणातही जमतं, अवघड कामाला मात्र ताण बेताचाच हवा. उंदरांचं माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही, पण शिकवताना मला हे रोज दिसतं, म्हणून नवीन शब्द शिकताना तू घड्याळ लावूच नको, आरामात व्हॉइस नोट कर, चुकली तर डिलीट कर, आणि जे येतंय तेच टायमर लावून बोल. ओईटीत रोलप्लेचं कार्ड वाचायला 3 मिनिटं आणि बोलायला 5 मिनिटंच मिळतात, तेवढ्याची सवय घरीच झाली पाहिजे.

पण झोप उडाली, जेवण जाईना, ॲपचं नोटिफिकेशन वाजलं की रडू येतंय असं झालं तर तो चांगला ताण नाही. तेव्हा मला सरळ फोन लाव, कितीही वाजू दे, आपण परीक्षेची तारीख पुढे ढकलू, फी ची काळजी तू करू नको.

गुरुवारी रात्री 8 ला पेशंट मीच होणार आहे, छातीत दुखणारी आणि जरा चिडकी. कार्ड आत्ताच डाऊनलोड करून ठेव, चोपड्याला लाइट गेली तर मोबाइल डेटावरून ये.

तुझी मॅडम