रेडला जाताना दम भरत नाही, ताई

पत्र थोडक्यात असं होतं:

"ताई, मी २४ वर्षांचा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावचा. कबड्डीत रेडर, म्हणजे चढाई करणारा. राज्याकडून नॅशनल खेळलोय, आता लीगच्या एका टीममधे आहे. मागच्या वर्षी गुडघ्यातल्या एसीएल लिगामेंटचं ऑपरेशन झालं. फिजिओ म्हणतात पाय एकदम फिट. पण रेडला निघालो की मधली लाईन ओलांडायच्या आधीच छाती धडधडायला लागते, दम भरत नाही, कबड्डी कबड्डी नीट तोंडातून निघत नाही. एका डू ऑर डायला, म्हणजे पॉइंट आणला नाही तर बादच अशा रेडला, तर मी नुसता उभाच राहिलो, कव्हरच्या डिफेंडरनं येऊन उचलला. तेव्हापासून बेंच. इन्स्टावर लोक वाट्टेल ते लिहितात आणि मी रात्रभर तेच वाचत बसतो, झोप म्हणून नाही. कोच म्हणतात मनानं खंबीर हो. घरी बोलायची सोय नाही, लीगच्या पैशावर घराचं बांधकाम काढलंय, वडिलांनी चौकात फ्लेक्स लावलाय. टच गेला माझा. कधी कधी वाटतं सकाळी उठूच नये. खेळ सोडू का? मधेच ब्रेक मागितला तर पळपुटा म्हणतील. ता. क. गोळ्या घेतल्या तर डोपिंगमधे अडकेन का?"

अरे बाळा, पत्र वाचलं आणि त्या एका वाक्यापाशी थांबले, सकाळी उठूच नये वाटतं म्हणालास तिथे. लीग, लिलाव, कोच सगळं नंतर बघू. आधी सरळ विचारते, हे नुसतं थकल्यामुळे वाटतंय की जीव द्यावा असं मनात येतं? असं विचारल्यानं नसलेला विचार कुणाच्या डोक्यात घुसत नाही, त्यामुळे मीही बिनधास्त विचारतेय आणि तूही बिनधास्त उत्तर दे, मला नाही तर तुझ्या रूममेटला. मनात येत असेल, किंवा तुझं तुलाच धड कळत नसेल, तर आज रात्री एकटा राहू नकोस, रूममेटला एवढंच म्हण की मला बरं वाटत नाहीये, जवळ थांब. आणि १४४१६ला फोन लाव. ती सरकारची टेली मानस हेल्पलाईन आहे, २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, रात्री दोनलाही लागते आणि मराठीत बोलता येतं. विचार फारच जोरात येत असतील तर फोनचीही वाट बघू नका, दोघं मिळून जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, तिथे हे सांगायला लाजायचं काही कारण नाही. हे आज करायचं, मॅच झाल्यावर वगैरे नाही.

आता खेळाचं बोलते. तू लिहिलंयस टच गेला. मला तसं वाटत नाही, आणि हे तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. बघ, दहाबारा वर्षं तू मातीत आणि मॅटवर जे हजारो रेड मारलेस ना त्यात पाय कुठे टाकायचा, कॉर्नरचा डिफेंडर खाली बसला की केव्हा मागे उडी घ्यायची, हे तू कधी विचार करून केलं नाहीस, शरीरच करत होतं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा तू स्वतःच्या पायावर पहारा ठेवायला लागलास. वळू का, गुडघा धरेल का, आत्ता कुणी अँकल, म्हणजे घोटा, धरला तर काय. एका रेडला असतात ३० सेकंद, त्यात हा हिशोब मांडत बसलं की समोरच्याला पकड करायला अर्धा सेकंद जास्तीचा मिळतो, आणि लीगमधल्या कव्हरला तेवढा अर्धा सेकंद रग्गड झाला. जी गोष्ट आपोआप होते ती लक्ष देऊन करायला गेलं की बिघडते, हे नेमबाज, बॅट्समन, बॅडमिंटनवाले सगळ्यांच्या बाबतीत घडतं. त्याला भित्रेपणा म्हणत नाहीत.

आणि दमाचं तर तू इतकं नेमकं लिहिलंयस की मला तिथेच सगळं कळलं. घाबरलेला माणूस श्वास वरवर, भराभर घेतो, छातीतल्या छातीत. बाकीच्या खेळात ते एक वेळ खपून जातं रे, पण कबड्डीत एका दमात बोलत जायचं असतं, तिथे छातीतला श्वास पुरणार कसा, आवाज बारीक होणारच आणि आवाज बारीक झाला की तूच ऐकतोस, समोरचे सातही ऐकतात, मग अजून घाबरतोस. म्हणून पहिलं काम मॅटच्या बाहेर कर. भिंतीला टेकून बस, पोट फुगेल असा श्वास घे आणि हळू आवाजात कबड्डी कबड्डी म्हणत तो पूर्ण संपेपर्यंत सोड, घाई न करता. श्वास असा लांब सोडला की हृदयाचे ठोके खाली येतात, शरीराची रचनाच तशी आहे, आणि तुझ्या खेळात तर हा श्वास सोडणं लहानपणापासून शिकवलेलंच आहे, फक्त तू ते घाईत करायला लागलायस. रोज झोपायच्या आधी आणि प्रॅक्टिसला उतरायच्या आधी कर. मॅटवर गेलास की नजर डाव्या कॉर्नरच्या पुढच्या पायावर ठेव, किंवा ज्याच्यावर जायचंय त्याच्या कमरेवर. स्वतःच्या गुडघ्यावर ठेवू नकोस. लक्ष बाहेर राहिलं की शरीराला त्याचं काम करता येतं.

पण एवढ्यानं भागणार नाही हेही सांगते. झोप नाही, बेंचवर बसून हात थरथरतात असंही तू पुढे लिहिलंयस, जेवण जात नाही, सहकाऱ्यांशी बोलावंसं वाटत नाही, हे नुसतं फॉर्म जाणं नव्हे. याला डॉक्टर लागतो. गुडघा गेला तेव्हा कुणी तुला म्हणालं का की गुडघ्यानं खंबीर हो? ऑपरेशन झालं, मग सूज उतरवणं, मग वाकवणं, मग चालणं, कित्येक महिन्यांनी पळणं, मग कुठे टॅकल. डोक्याला मात्र तू एका दिवसात डू ऑर डायला पाठवलंस. मनाचंही तसंच टप्प्याटप्प्यानं करून घ्यायला लागतं. कोचना सांग, आधी प्रॅक्टिसला तीनच डिफेंडर ठेवा आणि पायाला हात लावायचा नाही, नुसता बोनस लाईन ओलांडायचा आणि हात लावून परतायचा पॉइंट. ते जमलं की थाय होल्डला, म्हणजे मांडीच्या पकडीला, परवानगी, मग अँकल होल्ड, मग पूर्ण सात. ज्या पकडीची भीती आहे ती माहीत असताना, पुन्हा पुन्हा, हळू वेगात अंगावर घेतली की भीती उतरते, टाळत राहिलं की वाढते. टीमकडे स्पोर्ट्स सायकॉलॉजिस्ट आहे का ते मॅनेजरला विचार, नसेल तर बाहेरचा बघ, पण झोपेसाठी आणि त्या उठू नये वाटण्यासाठी सायकिअ‍ॅट्रिस्टच गाठ. तू काय बोललास ते त्यांनी गुप्त ठेवायचं असतं, २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात तुला तसा हक्कच दिलाय. जिवाला धोका असेल तेव्हाची गोष्ट वेगळी, आणि ती वेगळी असलेलीच बरी.

कोचशी कसं बोलायचं हा तुझा मोठा प्रश्न दिसतोय. लांबलचक बोलू नकोस. प्रॅक्टिस संपल्यावर, बाकीचे बॅगा भरत असताना, एकट्यात गाठ आणि म्हण, सर, पाय बरा आहे पण मला झोप लागत नाहीये आणि मॅटवर दम भरत नाहीये, मी डॉक्टरला दाखवतोय, मला थोडा वेळ आणि अशी अशी प्रॅक्टिस हवीये. बास. कोच वाईट माणूस आहे असं पत्रावरून वाटत नाही, त्यांनाही कुणी हे शिकवलेलं नसतं, त्यांच्या कोचनं त्यांना खंबीर हो म्हटलं, ते तुला म्हणतात. बेंच होशील ही भीती असेल तर आत्ता कुठे आहेस ते बघ ना, बेंचवरच आहेस, आणि तेही खरं कारण लपवून. या लपवण्यातच तुझी निम्मी ताकद जातेय असं मला फार वाटतं.

आणि पळपुटा. टोकियो ऑलिम्पिकमधे अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स टीम फायनलमधून मधेच बाहेर पडली, हवेत असताना आपण कुठे आहोत हेच तिला कळेनासं झालं होतं, तशी उडी मारत राहिली असती तर मानेवर पडली असती. लोक नाही नाही ते बोलले तिला. ती थांबली, उपचार घेतले आणि २०२४ला पॅरिसमधे तीन सुवर्ण आणि एक रौप्य घेऊन गेली. आणि आपली मुंबईची क्रिकेटर जेमिमा रॉड्रिग्ज. २०२५च्या वर्ल्ड कपमधे एका मॅचला तिला बाहेर बसवलं होतं, मग नवी मुंबईत सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिनं नाबाद १२७ मारले, ३३९चं टार्गेट गाठलं, आणि त्याच संध्याकाळी सगळ्या जगासमोर सांगितलं की स्पर्धेच्या सुरुवातीला आपल्याला भयंकर एन्झायटी होती, आईला फोन करून नुसती रडायचे. मला त्या १२७ एवढंच हे सांगणंही मोठं वाटतं. तुझ्याच जिल्ह्यातला नेमबाज स्वप्नील कुसाळे बघ, २०२३च्या एशियन गेम्सला पुढे असताना एक शॉट बिघडला आणि चौथा आला, पुढच्याच वर्षी पॅरिसला ब्राँझ. सगळ्यांचं असं होईलच असं मी म्हणणार नाही, तुलाही तसं वचन देत नाही.

म्हणून खेळ सोडू का याचं उत्तर आत्ता देऊ नकोस. दोन-तीन तासांच्या झोपेवर असले निर्णय घ्यायचे नसतात. आधी झोप परत आण, डॉक्टरचे उपचार लागू पडू देत, टप्प्याटप्प्याची प्रॅक्टिस करून बघ, मग ठरव, आणि तेव्हा सोडावंसं वाटलं तर सोड, त्यातही काही कमीपणा नाही. लिलावात कुणी घेतलं नाही तर काय ही भीती खरी आहे, ती मी उडवून लावत नाही. म्हणून पायाखाली एक फळी टाकून ठेव, महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, तुझी नॅशनलची प्रमाणपत्रं कोणत्या गटाच्या नोकरीला चालतात ते जिल्हा क्रीडा कार्यालयात विचार आणि पडताळणीला टाकून दे, तिला वेळ लागतो. पोटाची थोडी काळजी मिटली की मॅटवरचं ओझंही कमी होतं.

इन्स्टा रात्री दहानंतर बंद. तुझ्याच्यानं होणार नाही हे मला माहितेय, म्हणून फोनच रूममेटकडे दे आणि अलार्मसाठी एखादं साधं घड्याळ घे. पॉइंट न आणलेल्या एका एम्प्टी रेडवरून आईबहिणीवर जाणाऱ्या माणसाला तुझ्या खेळातलं काय कळतं रे.

वडिलांना सांग. फोनवर नको, घरी जा दोन दिवस. बांधकाम चार महिने थांबलं तरी घर कुठे पळून जात नाही. त्यांनी फ्लेक्स लावला तो तुझ्यासाठी लावला ना, पॉइंटसाठी नाही. आधी आईला सांगणं सोपं वाटत असेल तर आईला सांग, पण हंगाम संपेपर्यंत त्या घरात खोटं हसत राहू नकोस.

आणि गोळ्यांचं. डिप्रेशन, एन्झायटीसाठी साधारण ज्या एसएसआरआय गोळ्या देतात त्या बंदी यादीत नाहीत. धडधड कमी करायला देतात त्या बीटा ब्लॉकर गोळ्या नेमबाजी, तिरंदाजीसारख्या ठरावीक खेळांत बंद आहेत, कबड्डी त्यात येत नाही. पण काही उत्तेजक औषधं सगळ्यांनाच बंद असतात, म्हणून डॉक्टरसमोर बसल्या बसल्या पहिलं वाक्य हेच बोल की मी खेळाडू आहे, माझी नाडाची, म्हणजे डोपिंगची, टेस्ट होऊ शकते. चिठ्ठी टीमच्या डॉक्टरला दाखव, यादी दरवर्षी बदलते ती ते तपासतील, बंद यादीतलंच औषध लागणार असेल तर आधी परवानगीचा अर्ज करता येतो. मेडिकलवाल्याला विचारून किंवा जिममधल्या कुणी दिली म्हणून झोपेची गोळी घेऊ नकोस, आणि बरं वाटायला लागलं की आपल्याच मनानं बंदही करू नकोस. डॉक्टरची वेळ कधीची मिळाली ते मला कळव.