गाडी चार्ज करण्यासाठी जनरेटर घ्यावा का?

प्रश्न : आम्ही दापोलीजवळ राहतो. मी शिक्षिका आहे, शाळेला येऊन-जाऊन 40 किलोमीटर पडतात. मागच्या वर्षी 30 युनिटच्या बॅटरीची इलेक्ट्रिक गाडी घेतली. पावसाळ्यात वीज सारखी जाते, म्हणून मिस्टर 10 केव्हीएचा डिझेल जनरेटर घेऊ म्हणतात. कोटेशन 2 लाख 85 हजारांचं आहे. लेकीच्या शिक्षणासाठी ठेवलेली एफडी मोडावी लागेल. मोडू का?

ताई, एफडी मोडू नका.

मिस्टरांची काळजी खोटी नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा माझी मावशी तुमच्याच तालुक्यात होती. पोफळी आडव्या, खांब आडवे, आणि तिच्या वाडीत वीज यायला पंधरा दिवसांच्या वर लागले. पण जनरेटरने गाडीचा प्रश्न सुटतो का, एवढंच आपण पाहू.

रोजच्या 40 किलोमीटरला, चार्जिंगमधली गळती धरून, साधारण 7 युनिट लागतात. घरातल्या 15 अँपिअरच्या सॉकेटवर ते दोन-सव्वादोन तासांत भरतात. म्हणजे दिवसातले बारा तास वीज नसली तरी उरलेल्या वेळात तुमचं काम होतं. आणि दिवसभर आलीच नाही, तरी पूर्ण भरलेली गाडी शाळेचे चार दिवस काढते. टाकी भरलेली असताना नळ गेला म्हणून आपण टँकर मागवत नाही ना?

आता जनरेटरची वीज केवढ्याला पडते ते बघा. डिझेल 90 रुपये लिटर धरू. असा जनरेटर लिटरमागे जेमतेम 3 युनिट देतो, म्हणजे युनिट 30 रुपयांना. तेही पुरेसा लोड असेल तर. 10 केव्हीएच्या मशीनवर नुसता 3.3 किलोवॅटचा चार्जर लावला तर इंजिन अर्ध्याहून कमी लोडवर चालतं, डिझेल जास्त खातं आणि काजळी धरतं. या भावाने किलोमीटरला सव्वापाच रुपये होतात. लिटरला 18 किलोमीटर देणारी डिझेल गाडी पाच रुपयांत जाते! तुमच्या बिलात सगळे आकार धरून युनिट 13 रुपयांना पडतंय, म्हणजे किलोमीटरला सव्वादोन.

मला खरी काळजी वाटते ती एफडीची. 2 लाख 85 हजारांवर 7 टक्क्यांनी वर्षाला जवळपास 20,000 रुपये व्याज येतं. बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिट 20 रुपये धरलं, तरी त्यात 1000 युनिट येतात. शाळेच्या 140 दिवसांचं जाणं-येणं झालं, आणि लेकीच्या मुद्दलाला हातही लागला नाही.

आणखी एक. कराडच्या माझ्या एका क्लायंटने घाईत पोर्टेबल जनरेटर आणला. गाडीला लावला की चार्जरवर लाल दिवा. अशा बऱ्याच जनरेटरमध्ये न्यूट्रल अर्थिंगला जोडलेला नसतो, चार्जरला अर्थिंग सापडत नाही आणि तो वीजच घेत नाही. 'लावा, चालेल' म्हणणाऱ्या इलेक्ट्रिशियनला हे आधी विचारा.

सोलरचं म्हणाल, तर पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे आणि बिल नक्की उतरतं. पण साधं ऑन-ग्रिड सोलर, म्हणजे बॅटरीशिवाय थेट विजेच्या लाइनला जोडलेलं, लाइन गेली की स्वतःही बंद होतं. वीज जाण्यावरचा उपाय म्हणून ते घेऊ नका.

घरातले दिवे, पंखे, वायफाय यांसाठी चांगला इन्व्हर्टर घ्या, तोही महिन्याच्या बचतीतून. वादळाचा इशारा आला की गाडी त्याच रात्री शंभर टक्के भरून ठेवा.

आणि मिस्टरांना पटत नसेल तर चार आठवडे दुधाचा हिशेब मांडतो तसं कॅलेंडरवर मांडा : वीज कधी गेली, कधी आली, सकाळी गाडीत किती टक्के होते. शाळेला जाण्यापुरतं चार्जिंग नव्हतं असे दिवस त्यात तीन-चार जरी निघाले, तरी मला कळवा, आपण पुन्हा हिशेबाला बसू.